उकर्ड्याच्या केसातली सरकी

उकर्ड्या, तुला पोचवून आज सहावा दिवस, आणि माझ्या कानातून अजून कापूस निघतोय. रोज डोक्यावरून आंघोळ होते, बायको फणी फिरवते, तरी सकाळी उशीवर दोन-चार पुंजके सापडतातच. एवढा कापूस औंदा आपल्या वावरात झाला नाही, असं ती म्हणते. माणूस गेला की त्याच्या वाट्याला नाकापुरता कापूस येतो. तुझ्या वाट्याला गाडीभर आला. बेतानं घेणं तुला कधी जमलंच नाही म्हणा.

मी धाय मोकलून रडेन असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. रडलोही, पण थोडाच वेळ. खरं सांगतो, या सहा दिवसांत जशी झोप लागते आहे तशी पस्तीस वर्षांत लागली नव्हती. माझ्या घोरण्याला कंटाळून शेजारच्या कौलांवरची मांजर बडनेऱ्याला बहिणीकडे राहायला गेली म्हणतात. झोप का लागते, ते तुला माहीत आहे. मला मात्र त्या दिवशी कळलं, तेही सगळ्यांच्या शेवटी. म्हणून हे लिहायला बसलोय. तू असतास तर भांडलो असतो.

अमरावतीत माझं सायकलचं दुकान. वाकडी रिंग सरळ करून देतो आणि सरळ गोष्ट वाकडी करून देतो, अशी माझी ख्याती. गिऱ्हाइकाला पंक्चर एक काढून मिळतं आणि गोष्टी चार मिळतात, त्यातल्या तीन तुझ्या. तू पायडल मारायला लागलास की कडेच्या बाभळी त्या बाजूला कलायच्या, हे मीच सांगितलं. दर्यापूरच्या रस्त्यावर एका बाईनं वाळत घातलेले पापड तुझ्या वाऱ्यानं एका फेरीत कडक झाले, हेही माझंच. एक कुत्रं तुझ्यामागे लागलं आणि दमून त्यानं कुत्रेपणच सोडलं, घरात बसून दूध प्यायला लागलं, हे तर मी त्या कुत्र्याच्या मालकासमोर सांगितलं आणि त्यानं हो म्हटलं. लोक मान डोलवायचे आणि तुझ्या नावानं आणखी एक चहा मागवायचे. मी समजत होतो, त्यांचा विश्वास बसतो.

तुझ्या आधीची दोन लेकरं गेली, म्हणून तुझ्या मायनं रीतीप्रमाणं तुला उकिरड्यावर टाकलं, शेजारणीनं उचललं आणि नाव पडलं उकर्डा. त्यानंतर टाकायचं काम तू स्वतःच करत राहिलास आणि उचलायचं काम लोक करत राहिले. गिरणीतली नोकरी तू घालवलीस. बडनेऱ्याच्या पुलाजवळ सरळ रस्त्यावर, दिवसाढवळ्या, उभ्या असलेल्या बैलगाडीवर सायकल घातलीस आणि जन्माचा लंगडा झालास. बैल तेवढा शहाणा, बाजूला सरकला. तरी तू एसटीत चढलास की बसलेला माणूस उठायचा. न्हावी हातातलं गिऱ्हाईक अर्धं सोडून तुझी दाढी करायचा, ते गिऱ्हाईकही अर्ध्या मिशीनं तुला नमस्कार करायचं. अकोल्यात एका वरातीत नवरदेव घोड्यावरून उतरून तुझ्या पाया पडला. तू तेव्हा गटाराच्या कडेला बसला होतास, आणि उठायच्या स्थितीत नव्हतास. त्यानं वाकून तिथंच पाय शोधले. यात मी एक शब्दही वाढवलेला नाही.

हे सगळं त्या एका सव्वीस जानेवारीमुळे, असं मी धरून चाललो होतो.

अमरावती ते अकोला शर्यत. राजकमल चौकातून निघायचं, बडनेरा, मूर्तिजापूर, कुरणखेड, बोरगाव मंजू करत अकोल्याच्या बसस्टँडपाशी पोचायचं. पहिला येईल तो पुण्याला राज्याच्या निवडीसाठी. वऱ्हाडातून एकच. तुला मात देईल असा एकच गडी होता, बार्शीटाकळीचा सलीम. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजायचं आणि गाद्या-रजया भरायचं काम. अंगानं काटकुळा, पण मांड्या म्हणजे नव्या भरलेल्या लोडासारख्या. तुला पुण्याची जागा हवी होती आणि त्यालाही. मी एकाच्या स्कूटरवर मागं बसून तुझ्यासाठी जास्तीचं चाक घेऊन येत होतो.

आणि तू, भाऊ माझ्या, जिंकायच्या आधीच आदल्या दिवशी जिंकल्याची पार्टी करून बसलास. लोणी गाव येईपर्यंत दोनदा थांबून ओकलास. मूर्तिजापूर येईतो सलीम दिसेनासा झाला होता. मूर्तिजापुरात आमच्या स्कूटरच्या पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला, तो काढून आम्ही निघालो आणि गावाबाहेर पाहतो तर समोर कापसाचा ट्रक, दोन्ही बाजूंनी पोट सुटलेला, आणि त्याच्या उजव्या अंगाला लोंबणारा दोर धरून तू. पायडल स्थिर. डोकं त्या कापसात खुपसलेलं, जणू मायच्या मांडीवर झोपला आहेस. ट्रकनं सलीमला मागं टाकलं तेव्हा तो डाव्या कडेनं चालला होता. त्याला ट्रक दिसला, तू नाहीस. मला दोघंही दिसले.

बोरगाव मंजूला तू दोर सोडलास. तिथून अकोल्यापर्यंत मात्र जे हाणलंस ते तुझंच होतं, हे मी कोणत्याही देवासमोर सांगेन.

अकोल्यात गर्दीनं तुला खांद्यावर घेतलं. गळ्यात शिट्टी घातलेले ते जुने ड्रिलमास्तर पंच होते. त्यांनी तुझ्या केसांतून एक पुंजका उचलला आणि विचारलं, "हे काय आहे?" तू माझ्याकडं पाहिलंस. तुझं तोंड उघडलं होतं. तू सांगणार होतास, उकर्ड्या. हे मला तेव्हाही कळलं होतं. पण तुझ्या तोंडापेक्षा माझं तोंड नेहमीच पुढं.

"मास्तर, मूर्तिजापुरात जिनिंगसमोर हमाल उभे होते," मी म्हणालो. "फुलं कुठून आणतीन बिचारे? त्यायनं कापूसच उधळला पोट्ट्यावर."

मास्तरांनी पुंजक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मूर्तिजापूरचे लोक हौशी आहेत, एवढंच म्हणाले आणि तुझं नाव लिहिलं. सलीम गुडघ्यांवर हात टेकून शेजारीच धापा टाकत होता. त्यानं तुझ्या मानेवरून काहीतरी उचललं, दोन बोटांत चोळलं आणि खिशात टाकलं. मला त्यातलं काहीच समजलं नाही.

पुण्याला तू गेलास आणि घाट पाहून विचारलंस, "हा रस्ता यायनं उभा काहून केला?" दर्यापूरच्या सपाट मातीतला गडी तू, चढ म्हणून तुला फक्त बैलगाडीत चढणं माहीत. शेवटून तिसरा आलास. परत आलास तर स्टेशनावर ढोल. लोकांना वाटलं पुण्याच्या लोकांनी घाट मुद्दाम तुझ्यासाठी आणून ठेवला होता. ही गोष्ट मात्र माझी नाही. ती लोकांनी स्वतः बनवली.

आणि पुढच्या सव्वीस जानेवारीला नवल घडलं. मूर्तिजापुरात जिनिंगच्या कारखान्यासमोर खरोखरच हमाल उभे होते. हातात कापूस. तू आलास तसा त्यांनी तो ओंजळी भरभरून तुझ्यावर उधळला. माझे डोळे भरून आले. म्हटलं, परमेश्वरा, मी थाप मारली आणि तू ती खरी केलीस. तेव्हापासून तो रिवाजच पडला. शर्यत बंद झाली तरी तुझी एसटी मूर्तिजापूरच्या स्टँडवर लागली की कोणी ना कोणी खिडकीतून मूठभर कापूस टाकायचंच. तोही सरकीसकट. सरकी म्हणजे कापसातलं बी, फेकून मारलं की लागतं. तू डोकं चोळत हसायचास. निवडलेला मऊ कापूस का उधळत नाहीत, हे मी एकदा विचारलंही होतं. हमालांचा म्होरक्या भगवानदादा म्हणाला, "याच्याले सरकीवालाच पायजे." मला वाटलं, प्रेम.

तुझी दारू वाढत गेली तसा मी आतून खंगत गेलो. वरून गोष्टी, आतून खड्डा. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत प्रत्येक थांब्यावर तुझा एक भक्त, आणि प्रत्येकाला तुला एक पेला पाजायचा मान हवा. नाही म्हणायचं तुला कोणी शिकवलं नव्हतं. मला वाटायचं, हा माणूस माझी थाप गिळायला पितो. खोटा हार गळ्यात टोचतो म्हणून पितो. दुकानात तू कितीदा तरी म्हणालास, "सुऱ्या, सांगून टाकू काय?" आणि मी दर वेळी म्हणालो, खबरदार. लोकांचं मन मोडशील. लोकांच्या नावावर मी माझं मन वाचवत होतो, हे काय मला समजत नव्हतं?

आपलं मोठं भांडण अकोल्यातल्या त्या सत्कारात झालं. तुला शाल दिली, नारळ दिला, आणि बोलायला उभं केलं. तू माईक धरून म्हणालास, "बाप्पा हो, त्या कापसाचं असं हाय का..." मी मागून तुझा सदरा ओढला. इतका की काजं फाटली. तू खाली बसलास, आणि सभागृह हसलं. मला वाटलं सदरा फाटला म्हणून हसले. चार महिने तू माझ्याशी बोलला नाहीस.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुझं पोट माठासारखं झालं होतं आणि हातपाय काड्या. तू माझं मनगट धरलंस. "सुऱ्या, ते कापसाचं..." मी म्हणालो, चूपचाप पडून राय. तेवढ्यात सिस्टर सुई घेऊन आली. मला वाटलं तू तेच म्हणणार होतास, मी गेल्यावर तरी सांगून टाक. तू गेलास तेव्हा तुझ्या कपाळावरची आठी सुटली होती, आणि मी, तुझा जिवाचा दोस्त, पहिला विचार काय केला? सुटला बिचारा. दुसरा विचार केला, आता माझी पाळी.

अमरावतीच्या दवाखान्यातून तुला अकोल्याला घरी न्यायचं होतं. गाडीत तू आडवा, निर्मलावहिनी तुझ्या डोक्याशी, मी पायाशी. तोच रस्ता, उकर्ड्या. आता चौपदरी झालाय, गावं बाजूनं निघून जातात. बडनेरा गेलं आणि मी मनाशी पक्कं केलं की आज स्मशानात सगळ्यांसमोर सांगायचं. सलीम येणार, त्याच्यासमोर सांगायचं. त्याचं पुणं आम्ही दोघांनी चोरलं. मारू दे चपला. तुझ्या नावावर लोक थुंकले तर? तुला शेवटचा मिळणारा मानही माझ्याच तोंडानं जाणार.

मूर्तिजापूरपाशी ड्रायव्हरला फोन आला आणि त्यानं गाडी मोठ्या रस्त्यावरून खाली गावात घेतली. जुन्या जिनिंगसमोर रस्ता भरून लोक. हमाल, हमालांची लेकरं, त्या लेकरांची लेकरं, डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या, कॉलेजच्या पोरी. प्रत्येकाच्या ओटीत, टोपीत, डब्यात कापूस. गाडीचं मागचं दार उघडायला लावलं. कोणी घोषणा दिली नाही. नुसता कापूस पडत राहिला. तुझा चेहरा दिसेना, वहिनी पांढऱ्या झाल्या, माझ्या कानात, नाकात, खिशात. सरकी टपटप लागत होती. मी मनात म्हटलं, आता सांगू कसा?

अकोल्याच्या स्मशानात रीतीप्रमाणं शोकसभा. नगरसेवक बोलले की सरकारनं दखल घेतली नाही. एका गुरुजींनी तुझी तुलना वाऱ्याशी केली. मग कोणीतरी म्हणालं, सुरेशभाऊ, दोन शब्द. मी उभा राहिलो.

"त्या दिवशी मूर्तिजापुरात कोणंबी कापूस नोयता उधळला," मी म्हणालो. "उकर्डा ट्रकच्या दोराले धरून गेल्ता. मी पाह्यलं. पंचाले मी झूट सांगतलं. पुण्याचा हक सलीमभाईचा होता."

झालं. मी डोळे मिटले. चपलेची वाट पाहिली. चप्पल आली नाही. मागं कोणीतरी खाकरलं. डोळे उघडले तर वहिनींनी तोंडावर पदर घेतला होता आणि खांदे गदगदत होते. म्हटलं, बाईला मेल्या नवऱ्याची बदनामी ऐकवली, नरकात जाशील सुरेश. मग पदर थोडा सरकला. हसत होत्या, उकर्ड्या. तुझी बायको तुझ्या सरणाजवळ हसत होती, आणि तिच्यामागं अर्धं स्मशान गालात हसत होतं.

सलीमभाईनं येऊन माझा दंड धरला आणि मला कट्ट्यावर बसवलं. दाढी पांढरी, मांड्या अजून लोडासारख्या.

"आमाले मालूम हाय, भाऊ," तो म्हणाला. "सगळ्यायले. लय पहिलेपासून."

त्यानं सांगितलं ते असं. तुझ्या मानेवरून त्यानं त्या दिवशी उचलली ती सरकी होती. पिंजाऱ्याचं पोर ते. जिनिंगमधून निघालेल्या कापसात सरकी नसते, ती शेतातून निघालेल्या गाडीतल्या कापसात असते, हे त्याला बोटांनीच कळलं. इतकी वर्षं थापा मारून मी एवढी साधी चूक केली, आणि केली ती कुठं, तर वऱ्हाडात, जिथं तान्हं पोर आधी कापूस ओळखतं आणि मग बापाला. सलीम पंचांकडं जाणारच होता. पण दुसऱ्या दिवशी तू बार्शीटाकळीला त्याच्या ओट्यावर जाऊन बसलास आणि सगळं ओकलास. त्यानं तुला दोन लगावल्या. मग चहा पाजला. पंचांकडं जातो म्हणालास, तर त्यानं अडवलं. बोरगावनंतर तू समोर दिसल्यापासून तो जिवाच्या आकांतानं तुझ्यामागं होता, तू रात्रीचा प्यालेला आणि तो दूध-खारका खाल्लेला, तरी तुझं चाक त्याला गाठता आलं नव्हतं. "जाय पुण्याले," तो म्हणाला होता, "पण तिथं ट्रक नाई भेटन." तरी राग गेला नव्हता. दोन वर्षं तो तुझ्याशी बोलला नाही. तू दर दसऱ्याला सोनं घेऊन जायचास, ओट्यावर बसायचास, उठून यायचास. माणूस किती दसरे राग धरणार?

तिथून तू मूर्तिजापूरला गेलास. जिनिंगसमोर हमालांच्या पाया पडलास आणि म्हणालास, सुरेशनं तुमच्या नावानं झूट सांगितलं, आता तुम्हीच निभवा. म्हणून पुढच्या वर्षी कापूस. आणि म्हणून सरकीसकट, शिक्षा म्हणून. मग तू मास्तरांना सांगितलंस, न्हाव्याला सांगितलंस, वहिनींना लग्नाआधी सांगितलंस, ज्यानं ज्यानं पेला पुढं केला त्याला पहिल्या घोटाआधी सांगितलंस. त्यांनी पेला मागं घेतला नाही.

"अन् मले काहून नाई सांगतलं कोणं?" मी विचारलं.

"तो सगळ्यायले कसम घाले," सलीमभाई म्हणाला. "सुऱ्याले नोका सांगू म्हणे, सांगाचं तं मीच सांगीन. त्याच्या एवढ्या गोष्टी, त्यातली हे एकच लोक खरी मानतात असं वाटते त्याले. तेवढी राहू द्या."

मी कानातला एक पुंजका काढून बोटांत चोळला, सरकी लागली. मग मी ते विचारलं, जे पस्तीस वर्षं गळ्यात अडकलं होतं.

"त्याची दारू माह्या झूटानं लागली, सलीमभाई?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "भाऊ, दारू नसती तं त्याले ट्रक काहून धरा लागला असता?"

एवढं साधं. एवढं साधं माझ्यासारख्या हुशार माणसाला कळलं नाही. दारू आधीची होती, थाप नंतरची. उकर्ड्या, त्या क्षणी माझ्या छातीवरून कापसाची गच्च भरलेली गाडी उतरली, बैलांसकट. तू प्यायलास, तू पडलास, तू नोकरी घालवलीस, वहिनींना रडवलंस, ते सगळं तुझं होतं. मी त्याचा धनी नव्हतो. आणि लोक तुला मानत होते ते माझ्या गोष्टीमुळे नव्हे. ट्रक धरणारा, दुसऱ्या दिवशी जाऊन दोन थोबाडीत खाणारा, पुन्हा पिणारा, पुन्हा सांगणारा उकर्डा त्यांना तसाच्या तसा हवा होता. यात मला थोडा अपमान वाटला, हे लपवत नाही. पस्तीस वर्षं मी ज्यांना गोष्ट सांगत होतो ते सगळे माझ्याकडं पाहून सरळ चेहऱ्यानं "असं काय, बाप्पा" म्हणत होते. वऱ्हाडात माझ्याहून मोठे खोटारडे हजारोंनी आहेत, आणि त्यांचा म्होरक्या तू.

सलीमभाईला मी विचारलं, त्या सरकीचं काय केलं. तो म्हणाला, घरामागं पेरली. उगवली. चार बोंडं आली, त्याची तुझ्यासाठी एक उशी भरली. चार बोंडांची उशी. एवढी थाप तर मीपण मारत नाही.

भांडण एकच शिल्लक. सत्कारात तू बोलायला उभा राहिलास ते मला सांगायला, बाकी सगळ्यांना माहीतच होतं. मग सदरा ओढला तेव्हा बसलास का? दवाखान्यात मी गप्प केलं तर गप्प का झालास? एक शिवी हासडायची, अन् सांगून टाकायचं. पण नको. बसलास ते बरं केलंस. मी तुझ्या जागी असतो तर पहिल्याच दिवशी बोललो असतो आणि सगळी मजा घालवली असती.

अग्नी द्यायची वेळ झाली तेव्हा मूर्तिजापूरचा भगवानदादा काठी टेकत पुढं आला. म्हणाला, "सुरेशभाऊ, ते खरं-बिरं झालं आता. आपली गोष्ट सांगा ना. त्याले आयकू द्या एक डाव."

मी उभा राहिलो. कान झाडले, चार पुंजके पडले. आणि सांगितलं की हा उकर्डा अमरावतीहून अकोल्याला निघाला, मूर्तिजापुरात जिनिंगसमोर हमाल उभे होते, फुलं कुठून आणतील बिचारे, त्यांनी कापूसच उधळला. सगळे खाली मान घालून ऐकत होते, जसे नेहमी ऐकतात. सांगता सांगता माझ्या ध्यानात आलं, की हे तर आज सकाळीच घडलं. तीच गोष्ट, तेच शब्द, आणि पहिल्यांदाच त्यात काही खोटं नव्हतं.

लोक दहा हजार होते असं म्हणालो. होते चारेकशे. तेवढं तुझ्यासाठी वाढवलं.